खोर फक्कानच्या भिंतीवरचं झाड

दुबईला जाऊन आले म्हटल्यावर सोलापुरात पहिला प्रश्न येतो तो त्या उंच इमारतीचा. मी ती पाहिली नाही. सोनं आणलं नाही, वाळूत जीपमधून उड्या मारल्या नाहीत. महिनाभर अमिरातीत होते, त्यातला बहुतेक काळ फुजैराच्या एका घराच्या मागच्या अंगणात, हिरड्याच्या आणि नासक्या दुधाच्या वासात गेला. माझी जाऊबाई म्हणाली, "एवढं लांब जाऊन कापडच रंगवायचं होतं, तर इथं काय कमी होतं?" तिला थोडक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही मूळचे पद्मशाली, विणकर. आजोबा तेलंगणातून सोलापूरच्या गिरणीत आले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मी चादरी आणि पडद्यांच्या कारखान्यांसाठी फुलांची डिझाइनं काढली आणि मधली बरीच वर्षं एका तंत्रनिकेतनात तोच विषय शिकवला. माझा जीव अडकलेला आहे तो छींटेत. तीन-चारशे वर्षांपूर्वी मछलीपट्टणच्या किनाऱ्यावर आणि वर बुऱ्हाणपुरातही कारागीर सुती कापडावर कलमानं आणि ठशानं फुलं काढायचे, आणि ती इराणपासून इंग्लंडपर्यंत जायची. परदेशात त्या फुलांचं इतकं वेड लागलं, की तिथल्या विणकरांनी घाबरून बंदी आणायला लावली. बंदी असूनही लोक घालत राहिले. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढायचा. मुली हसायच्या.

त्या मुलींपैकी एक नीलोफर. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावची. हात चांगला, पण काढलेलं सगळं पुसून टाकायची सवय. लग्न होऊन फुजैराला गेली. नवरा तिथल्या बंदरात तेलाच्या टर्मिनलवर. मधे पंधरा-सोळा वर्षं फक्त ईदच्या आणि दिवाळीच्या शुभेच्छा. आणि मग एका संध्याकाळी फोन.

"बाई, लाल येत नाहीये."

पुढचं तिला रडू आवरेना म्हणून नीट ऐकूच आलं नाही.

फुजैरा

शारजाच्या विमानतळावर माझी बॅग उघडली गेली. आत साड्यांपेक्षा हिरड्याची पूड जास्त, आणि तिच्याखाली मंजिष्ठेच्या, लाल रंग देणाऱ्या मुळीच्या, पुडीची दोन मोठी पाकिटं. लाल पूड पाहून तिथल्या तरुण अधिकारी बाईंनी भुवया वर केल्या. माझं इंग्रजी घाबरलं की पळून जातं. मी मोबाइलवरचा एका छींटेचा फोटो दाखवला आणि फुलाच्या लाल पाकळीवर बोट ठेवलं. त्यांनी पुडी हुंगली, फोटो मोठा करून बघितला, फुलं मोजल्यासारखी बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "ब्यूटिफुल. खलास, यल्ला." म्हणजे झालं, निघा. मी सुटले.

नीलोफर घ्यायला आली होती. शारजातून फुजैराचा रस्ता आधी सपाट वाळूतून जातो आणि मग एकदम डोंगरात शिरतो. आपले डोंगर उन्हाळ्यातसुद्धा कुठेतरी हिरवा ठिपका राखून असतात. हे नुसते दगड, भाजलेल्या विटेच्या रंगाचे. पण दोन डोंगरांच्या मधल्या वाळक्या ओढ्यात अचानक कण्हेर फुललेली दिसली, गुलाबी. मी गाडी थांबवायला लावली. नीलोफर म्हणाली, "इथे रानात असते, बाई. कुणी लावत नाही."

घरी तिच्या सासूबाईंनी, अम्मींनी, तांदळाची भाकरी आणि शेरी माशाचं नारळाच्या दुधातलं कालवण केलं होतं. अम्मींची मराठी अजून शुद्ध कोकणातली. नातीशी मात्र त्या मराठीत बोलायच्या आणि नात इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघींचं त्यात काही अडत नव्हतं.

जेवणानंतर नीलोफरनं मला प्रकरण सांगितलं. खोर फक्कानला सलमा नावाच्या एका स्थानिक बाईंचं नवं अतिथिगृह उघडणार होतं. दिवाणखान्यात समुद्राकडच्या खिडकीसमोर मोठी भिंत होती. तिथे जुन्या छींटेच्या पद्धतीचं, फुलांनी लगडलेलं एक झाड हवं होतं, हातानं केलेलं. इतक्या वर्षांनी नीलोफरनं कलम हातात धरलं ते या कामासाठी. तिनं कापड तयार केलं, रेखाटलं, मंजिष्ठेत उकळलं, आणि लाल आला तो वाळलेल्या विटेसारखा. सहा हात कापड वाया.

"सजावटीचं काम मेल्विनकडे आहे," ती म्हणाली. "तो म्हणतो, वेळेत झालं नाही तर मशिनवर छापलेलं लावू. ते तयार आहे, बाई. त्याच्या गाडीतच गुंडाळी पडून आहे."

दुसऱ्या दिवशी मेल्विन स्वतः आला. वसईचा, चाळिशीचा, हसतमुख. त्यानं ती गुंडाळी माझ्यासमोर उलगडली. परदेशातल्या कुठल्याशा जुन्या छींटेचा फोटो काढून पॉलिस्टरवर छापलेला. रंग झगझगीत, रेघ मेलेली.

"बाई, मला पण हाताचंच आवडेल. पण ओपनिंगची डेट फिक्स आहे. रिकामी भिंत दाखवून मी काय सांगू?"

"रिकामी राहणार नाही," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी नीलोफरचं वाया गेलेलं कापड अंगणात पसरून नीट पाहिलं. लाल बाजूला ठेवला आणि फक्त चित्र बघितलं. आणि मी चकित झाले, म्हणण्यापेक्षा थोडी चिडलेच. छींटेत कमळ असतं, डाळिंबाचं फूल असतं, कुठल्याच बागेत नसलेली मोठी पाकळ्यापाकळ्यांची फुलं असतात. हिच्या झाडावर कण्हेर होती. इथल्या बाभळीचे पिवळे गोंडे होते. आणि मधोमध, तळहाताएवढं, चार जाड पाकळ्यांचं एक फूल.

"हे काय आहे?"

"तिवर."

"खाडीच्या चिखलातलं तिवर? त्याचं फूल नखाएवढं असतं, नीलू. छींटेत तिवर कुणी कधी काढलंय?"

एरवी तिनं लगेच पुसलं असतं. या वेळी नाही. "बाई, पलीकडे कलबाच्या खाडीत तिवराचं जंगल आहे. पहिल्या वर्षी मला इथे करमायचं नाही, तेव्हा हे मला तिथे घेऊन जायचे. आमच्या खाडीतलंच झाड. आणि तुम्हीच शिकवलंत ना, जुने कारागीर गिऱ्हाइकाच्या देशातलं फूल न बघताच काढायचे आणि आपलं करून टाकायचे? मी तर बघून काढलंय."

खरंच होतं ते. त्या कारागिरांनी इराणी गिऱ्हाइकासाठी सरू काढले, फिरंग्यांसाठी कधी न पाहिलेली फुलं काढली, आणि प्रत्येकाला वाटलं की हे आपलंच. मी तिवराकडे पुन्हा बघितलं. पाकळीच्या आत तिनं बारीक जाळी भरली होती, एका पाकळीतली दुसरीसारखी नाही.

"फूल राहू दे," मी म्हटलं. "पण हे खोड बघ. बाजारातल्या सुतळीसारखं आहे. जाड सुरू होतं, जाडच संपतं. खोड परत काढायचं."

ती हसली. मी तिच्या घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

रोल्ला

नवं कापड हवं होतं, कोरा मांजरपाट, खळ कमी असलेला. त्यासाठी शारजाला रोल्लात गेलो. रोल्ला म्हणजे आपल्या बाजारपेठेला कुणीतरी इस्त्री करून ठेवल्यासारखं. मल्याळी उपाहारगृह, त्याला लागून सिंधी कापडवाला, वर बंगाली शिंपी, आणि सगळे एकमेकांशी हिंदीत. दुकानांत ताग्यांचे डोंगर. मी एकेक तागा उलटून बघत होते. जपानी पॉलिस्टर, कोरियन जॉर्जेट, चिनी सुती. आणि प्रत्येकावर फुलं. वाकडी फांदी, तिच्यावर तीन प्रकारची फुलं, पानाची कड मुरडलेली. ही मुरड कुणाची आहे, ते मला पक्कं माहीत होतं.

"मॅडम, युरोपियन डिझाइन आहे, लेटेस्ट," दुकानदार म्हणाला.

"भाऊ, हे आमच्याकडून गेलेलं आहे," मी हिंदीत म्हटलं. "आता फिरून तुमच्याकडे आलंय."

त्याला वाटलं मी भाव पाडते आहे. पण तिथे उभी राहून मला जे वाटलं ते खरं सांगते. ज्यांची नावं कुणालाही ठाऊक नाहीत, अशा माणसांची रेघ जगभरच्या पडद्यांवर, झग्यांवर, उशांवर अजून चालते आहे, आणि तीच रेघ मला येते. मांजरपाट शेवटी गल्लीच्या टोकाला, पिशव्या शिवणाऱ्या एका माणसाकडे मिळाला.

शेळ्यांचा बाजार

कोऱ्या कापडाचा पिवळेपणा काढायला जुन्या रीतीत लेंड्यांचं पाणी लागतं. कापड त्यात भिजवायचं, धुवायचं, उन्हात टाकायचं. फुजैराच्या बाहेर शेळ्यांचा बाजार आहे. तिथे एक उंचापुरा पठाण शेळ्या विकत होता. नीलोफरनं त्याला हिंदीत विचारलं. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. मग त्यानं शेजारच्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर तिसऱ्यांदा विचारलं, "बाजी, बकरी नहीं चाहिए? सिर्फ ये?"

"सिर्फ ये."

दोन पोती त्यानं स्वतः उचलून गाडीत ठेवली, पैसे घेतले नाहीत आणि आम्ही निघेपर्यंत काळजीनं बघत राहिला. अम्मींनी मात्र ती पोती घराच्या फाटकाच्या आत येऊ द्यायला अर्धा दिवस लावला.

कापड पांढरं झालं. मग हिरडा आणि दूध. आपल्याकडे म्हशीचं घट्ट दूध वापरतात, म्हणजे रंग पसरत नाही. इथे ते कुठे मिळतं हे आम्हाला कळेना, म्हणून गायीच्या दुधात मलई फेटून घातली. कापड वाळलं तशी शेजारच्या इजिप्शियन बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. नंतर त्यांनीच खजुराचा केक पाठवला, बहुधा आमची दया येऊन.

रेखाटायला आम्ही दोघी समोरासमोर बसलो. खाली जमिनीवर, कापड मधे. काळी रेघ गंजलेल्या लोखंडाच्या आणि गुळाच्या पाण्याची. मी खोड आणि खालच्या फांद्या धरल्या, तिनं वरचा घेर. कधी तिचा हात खाली यायचा, कधी माझा वर जायचा. लाल हवा तिथे तुरटी भरली, म्हणजे उकळताना रंग तिथेच धरतो. आणि मग, मोठं कापड उकळण्याआधी, मी एक चिंधी नळाच्या पाण्यात मंजिष्ठेत उकळून पाहिली.

वीट.

नीलोफर भिंतीला टेकून खाली बसली. "खलास, बाई. मी मेल्विनला फोन करते. लावू दे ते छापील."

मी चिंधी हातात घेऊन मोरीपाशी उभी होते. तिथली स्टीलची बादली चकचकीत होती. नळाची तोटी चकचकीत. सोलापुरात आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरे थर चढतात, आणि त्या पाण्याला आम्ही जन्मभर शिव्या घालत आलो. इथलं पाणी समुद्राचं, यंत्रातून गोडं केलेलं. मंजिष्ठेला लाल व्हायला तुरटीबरोबर पाण्यातला चुना लागतो. सोलापुरात तो फुकट मिळत होता, म्हणून मला कधी विचारच करावा लागला नव्हता.

खडूची पूड टाकून दुसरी चिंधी उकळली. लाल वर आला, पण डागाडागांनी. चिंधीत चाललं असतं, सहा हातांत नाही.

"विहीर पाहिजे," मी म्हटलं. "दगडातलं पाणी."

डोंगरात

विहीर शोधली मेल्विननं. मी त्याला फोनवर सगळं समजावलं, तेव्हा मला वाटलं होतं की तो तारीख सांगून फोन ठेवील. तो म्हणाला, "बाई, आमची वसईला वाडी होती. पप्पा पाणी चाखून कुठली विहीर ते सांगायचे. थांबा, मी बघतो." संध्याकाळी त्याचा निरोप आला. सलमाच्या काकांची डोंगरात खजुराची बाग होती. तिथे जुनी विहीर होती आणि बागेतून दगडी पाट वाहत होता. त्या पाटाला तिथे फलज म्हणतात.

बाग पाहून मी थक्क झाले. त्या भाजलेल्या डोंगरांच्या कुशीत खजूर, लिंबं, आणि चक्क मोहरलेले आंबे. काका सत्तरीचे, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यात, पायात रबरी चपला. त्यांनी आमचं भांडं बघितलं. लग्नाचा भात शिजवायचं ते भलंमोठं ॲल्युमिनियमचं पातेलं मेल्विननं एका आचाऱ्याकडून आणलं होतं. मग त्यांनी लाल पूड बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. ते अरबीत बोलले, मेल्विननं सांगितलं, "ते म्हणतात, हे पाणी झाडांना जाणार. झाडं मेली तर?"

रास्त प्रश्न होता. मी मंजिष्ठेची चिमूट काढली, त्यांच्यासमोर जिभेवर ठेवली आणि गिळली. "आमच्याकडे हे औषध आहे," मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे, मग पुडीकडे पाहिलं, हात पुढे केला आणि स्वतःही चिमूटभर चाखली. तोंड वाकडं केलं. मग हसून म्हणाले, "यल्ला."

लाकडं पेटवली. विहिरीचं पाणी, मंजिष्ठा, मग कापड. आळीपाळीनं लांब काठीनं ते फिरवत राहिलो, कारण थांबलं की डाग पडतो. धुरानं डोळे चुरचुरत होते. नीलोफर काठी सोडायला तयार नव्हती. दुपारी काकांच्या घरून भात आणि मटण आलं. मी बरोबर नेलेली शेंगांची चटणी बाहेर काढली. काकांनी ती खजुरात भरून खाल्ली, असं चटणीचं आजवर कुणी केलं नसेल, आणि सगळी संपवली.

कापड बाहेर काढलं तेव्हा ते नुसता गडद लोळा होता. चौघांनी मिळून ते फलजमध्ये सोडलं. वाहत्या पाण्यात ते उलगडत गेलं. आधी गढूळ तांबडं पाणी सुटलं, मग गुलाबी, मग स्वच्छ. आणि तळाच्या दगडांवरून तिवराचं फूल वर आलं. लाल. नववधूच्या शालूसारखा, आतून पेटलेला लाल. पाणी त्याच्यावरून जात होतं आणि तो हलत नव्हता.

नीलोफर गुडघाभर पाण्यात उभी होती. एकेक फूल हातानं दाबून बघत होती. मेल्विन काठावरून म्हणाला, "बाई, ती छापील गुंडाळी मी परत देऊन टाकतो." काका पाटाच्या कडेला बसून मान डोलावत राहिले, जणू लाल त्यांच्या विहिरीनंच केला होता. तसा तो केलाही होता.

निळीचं आणि ती नको तिथे लावायच्या मेणाचं काम नंतर अंगणात झालं. पिवळा निळ्यावर चढला, पानं हिरवी झाली. ते रंग नीट वागले.

खोर फक्कान

खोर फक्कानचा किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. एका टोकाला बंदराच्या क्रेन, दुसरीकडे डोंगर थेट समुद्रात उतरलेला. सलमाच्या अतिथिगृहाचं उद्‌घाटन संध्याकाळी होतं. अत्तर, गहवा नावाची तिथली कॉफी, खजूर, बायकांचे ठेवणीतले कपडे. अम्मींनी नऊवारीत असतो तशा हिरव्या रंगाचा कुडता घातला होता, आणि नात प्रत्येकाला सांगत होती, "माय मॉम मेड दॅट."

भिंतीवर झाड होतं. समुद्रावरचा उरलेला उजेड खिडकीतून त्याच्यावर पडत होता. पाहुणे लांबून बघत, मग जवळ येत, मग एखाद्या फुलापाशी थांबत. काकांनी गावातल्या चार म्हाताऱ्यांना आणलं होतं. ते बोटांनी दाखवत होते. हे बाभळीचे गोंडे, ही ओढ्यातली कण्हेर. तिवरापाशी एक जण, बहुधा कोळी असावा, मोठ्यानं काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. मेल्विननं सांगितलं, "ते म्हणतात, याच्या मुळाशी खेकडे पण काढायला पाहिजे होते."

सलमा माझ्याकडे आल्या. पस्तिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "नीलोफर म्हणते, तुम्ही तिच्या शिक्षिका. यातलं तुमचं काम कोणतं आणि तिचं कोणतं? मला आईला सांगायचं आहे."

मी झाडाजवळ गेले. माझी रेघ मला अंधारातही ओळखू येईल, असं मी आयुष्यभर म्हणत आले. डावीकडे खोडातून फुटलेल्या फांदीवर एक लांब पान होतं. कड मुरडत जाते, टोकाशी बारीक होता होता श्वास घेतल्यासारखी थांबते आणि पुन्हा वळते. त्यावर बोट ठेवून मी म्हटलं, "हे बघा. हे माझं."

नीलोफर माझ्या कानाशी आली. संकोचून, मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "बाई, ते मी काढलंय. ते काढलं त्या दिवशी तुम्ही अम्मींबरोबर मासळी बाजारात गेला होतात."

मी पुन्हा पानाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग सलमांना म्हटलं, "चुकले मी. हे तिचं आहे." आणि मेल्विनला मोबाइल देऊन म्हटलं, माझा एक फोटो काढ, याच पानाजवळ.

तो फोटो आता सोलापुरात आमच्या हॉलमध्ये लावला आहे. येणारा प्रत्येक जण आधी मला बघतो आणि मग मागच्या झाडाला. कुणी काही विचारायच्या आत मी सांगून टाकते, की ते पान माझ्या विद्यार्थिनीनं काढलेलं आहे.